पंखाचे टोक धरायला शिकवणारे दोन दिवस: रत्नागिरीजवळच्या ग्लायडिंग साहाय्यक वर्गाविषयी

रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ग्लायडिंगच्या, म्हणजे इंजिन नसलेले विमान उडवण्याच्या, जमिनीवरील कामांचा दोन दिवसांचा वर्ग भरतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये मी माझ्या कनिष्ठ महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांसह या वर्गाला पूर्ण वेळ उपस्थित होते. शुल्क माणशी १,८०० रुपये होते, त्यात दोन्ही दिवसांचे दुपारचे जेवण आणि चहा धरलेला होता, आणि प्रवास व मुक्काम ज्याचा त्याने पाहायचा होता. मी भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या या चार विद्यार्थ्यांना पुढे पुण्याजवळ हडपसर येथील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रात शिकण्याची इच्छा आहे, आणि ‘मॅडम, तुम्ही आधी बघून या, मग आम्ही मुलांना हडपसरला पाठवायचे की नाही ते ठरवू,’ असे त्यांच्या पालकांनी सांगितल्यामुळे मी विद्यार्थ्यांच्याच रांगेत बसून हा वर्ग केला. हा अभिप्राय त्या पालकांसाठी आणि अशाच विचारात असलेल्या इतरांसाठी लिहीत आहे.

हा वर्ग उडायला शिकवत नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करायला हवे, कारण आमच्या तुकडीतील चौदापैकी किमान पाच जण उडायला मिळेल अशा समजुतीने आले होते आणि पहिल्या तासाभरात त्यांचे चेहरे उतरले. तेथे जे ग्लायडर आहे ते उडत नाही आणि पुन्हा कधी उडणारही नाही. ते ब्लानिक जातीचे, दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे जुने ग्लायडर आहे. २०१० साली ऑस्ट्रियात याच जातीच्या एका ग्लायडरचा पंख हवेत मोडला, मुख्य तुळईत धातूच्या थकव्याने तडा गेल्याचे तपासात आढळले, आणि त्यानंतर जगभरातील अशी ग्लायडर मोठ्या प्रमाणावर जमिनीवर थांबवण्यात आली. उड्डाणासाठी निकामी झालेली ही वस्तू हाताळणी शिकण्यासाठी मात्र अतिशय उपयुक्त आहे, कारण तिचे पंख खरे आहेत, ओढण्याची केबल अडकवायचे हुक खरे आहे, शेपटीचे सुकाणू आणि एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, खरोखर हलतात आणि १६.२ मीटर रुंदीच्या पंखाला वारा लागल्यावर ती खऱ्या ग्लायडरसारखीच उचल खाते.

कोकणात ग्लायडिंगचा क्लब नसताना हा वर्ग येथे का, असा प्रश्न मलाही पडला होता. किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून थंड हवा आत शिरते, जमिनीलगत पसरते आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे स्तंभ दुबळे करून टाकते. इंजिन नसलेल्या विमानाला उंची मिळते ती याच स्तंभांच्या आधाराने, त्यामुळे ग्लायडिंग देशावर बहरते आणि आपल्याकडे नाही. मुख्य प्रशिक्षकांनी हे कारण काहीही न लपवता पहिल्याच बैठकीत सांगितले. मात्र जमिनीवरची कामे शिकायला आपला किनारा उलट अधिक चांगला आहे, असेही ते म्हणाले, आणि दुपारी बाराच्या सुमारास त्याचा प्रत्यय आला. त्याविषयी पुढे लिहिते.

विंचच्या, म्हणजे लांब केबल वेगाने गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने एक ग्लायडर हवेत जाते तेव्हा त्यामागे किती हात लागतात, याची मला वाचनातून कल्पना होती, परंतु ती कल्पना किती अपुरी होती हे उभे राहिल्यावर कळले. एक जण पंखाचे टोक समतल धरून उभा राहतो, दुसरा केबलची कडी हुकात अडकवतो, तिसरा आकाश आणि धावपट्टी पाहून खुणा देतो, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, बहुधा हजारभर मीटर दूर, विंच चालवणारा बसलेला असतो, एक जण गाडीने केबल परत ओढून आणतो आणि एक जण नोंदवहीत प्रत्येक उड्डाणाची व उतरण्याची वेळ लिहितो. वैमानिक प्रशिक्षणार्थी असेल तर त्याच्यासोबत प्रशिक्षकही आत बसलेला असतो. क्लबमध्ये या कामांसाठी पगारी माणसे क्वचितच असतात, आज जो उडतो तोच उद्या टोक धरतो. म्हणून ही कामे न येणारा सदस्य क्लबला भार होतो, आणि ती अर्धवट येणारा सदस्य त्याहून घातक ठरतो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला काम सुरू झाले ते पट्टीवरून चालण्यापासून. कातळावर मुरूम पसरून तयार केलेली ती खासगी पट्टी आम्ही एका ओळीत, हातभर अंतर ठेवून, पूर्ण चाललो आणि वाटेत दिसलेला प्रत्येक सुटा दगड, तारेचा तुकडा आणि प्लॅस्टिकची पिशवी उचलली. जांभ्याचा सुटा खडा केबलने उडवला तर तो कोठे जाईल याचा नेम नसतो, आणि पिशवी जर सुटलेली केबल हळू खाली आणणाऱ्या, तिच्या टोकाच्या छत्रीत अडकली तर ती छत्री नीट उघडत नाही, असे कारण प्रत्येक वस्तूमागे सांगितले गेले. पट्टीच्या एका कडेला दगडांची ओळ मांडून पलीकडे जाण्यास मनाई होती, कारण तेथे कातळात कोरलेली जुनी चित्रे आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत, आणि आयोजकांनी त्यांचे भान ठेवले याची मी आदराने नोंद करते.

त्यानंतरचे दोन तास ग्लायडर हलवण्यात गेले. हे शिक्षण मला संपूर्ण वर्गात सर्वांत पक्के वाटले. रिकामे ग्लायडर सुमारे ३०० किलोचे असते, म्हणजे चार माणसांना ते सहज ढकलता येते, आणि म्हणूनच माणसे ते कोठेही हात लावून ढकलतात. पंखाची मागची कड, एलेरॉन, सुकाणू आणि शेपटीचे आडवे पंख यांना ढकलण्यासाठी हात लावायचा नाही. पंखाच्या पुढच्या कडेला, मुळाजवळ, तळहात सपाट ठेवून जोर द्यायचा. कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, छोट्या खिडकीत बोटे घालून ती उघडायची नाही. हे नियम फळ्यावर लिहून दिले असते तर मुले तासाभरात विसरली असती. येथे प्रत्येकाला एकेकदा ‘जबाबदार’ नेमून, त्याच्या एकट्याच्या हुकमावर बाकीच्यांना हलवायला लावले. दोघांनी एकाच वेळी हुकूम दिले की प्रशिक्षक सगळ्यांना थांबवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत. शिमग्याला पालखी नाचवताना ज्यांनी खांदा दिला आहे त्या मुलांना हे लवकर साधले, कारण पुढच्याच्या पावलाकडे लक्ष ठेवून आपले पाऊल टाकण्याची त्यांना सवय होती.

गाडीने ग्लायडर ओढताना वापरायच्या दोराची लांबी किती असावी, हा प्रश्न प्रशिक्षकांनी मला शिक्षिका म्हणून विचारला आणि मी चुकले. मी सोयीचा विचार करून पाच मीटर सांगितले. उत्तर असे आहे की दोर पंखाच्या निम्म्या रुंदीपेक्षा लांब हवा, म्हणजे या ग्लायडरसाठी ८.१ मीटरपेक्षा अधिक, कारण ओढताना ग्लायडर एका बाजूला वळले तर आखूड दोरावर पंख थेट गाडीवर येऊन आदळतो. उत्तर कळल्यावर ते सोपे वाटते, पण असा विचार करायला शिकणे हाच या वर्गाचा खरा लाभ आहे.

आता दुपारच्या वाऱ्याविषयी. सकाळी पूर्वेकडून हलके मतलई वारे होते आणि आमचे सगळे सामान, टेबल, नोंदवही, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी), पट्टीच्या पश्चिम टोकाला मांडलेले होते. साडेअकराच्या सुमारास हवा पूर्ण पडली आणि पाऊण तासाच्या आत पश्चिमेकडून खारे वारे सुरू झाले. ग्लायडर नेहमी वाऱ्याकडे तोंड करून सोडतात, त्यामुळे आता संपूर्ण मांडामांड पट्टीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची होती, आणि प्रशिक्षकांनी हे काम मुद्दाम आमच्यावर सोपवले. खऱ्या क्लबमध्ये याच कामाच्या वेळी सर्वाधिक घाई आणि गोंधळ असतो, कारण त्या वेळी कोणी हवेत असेल तर त्याला उतरण्याची दिशा बदलल्याचे कळायला हवे, केबल गुंडाळलेली हवी आणि पट्टीवर एकही माणूस नको. आम्हाला पन्नास मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी त्याच कामाला बावीस मिनिटे लागली. देशावर वाऱ्याची दिशा अशी घड्याळ लावल्यासारखी दररोज उलटत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर पाऊस संपल्यानंतर ती जवळजवळ रोज उलटते, आणि वर्ग येथे घेण्याचे समर्थन मला त्या पन्नास मिनिटांत पटले.

वारा वाढल्यावर ग्लायडर उभे करून ठेवण्याचा पाठ झाला. वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली टेकवायचा, त्यावर जुना टायर ठेवायचा, एअरब्रेक, म्हणजे पंखावर उभ्या राहून उचल कमी करणाऱ्या फळ्या, उघडे ठेवायचे, शेपूट अडकवायची आणि माणूस नसेल तेव्हा कॅनोपी बंद करून तिच्यावर आच्छादन घालायचे. यातील शेवटच्या गोष्टीचे कारण विचारल्यावर प्रशिक्षकांनी दिलेले उत्तर मी आता वर्गात भिंगाच्या प्रकरणात सांगते. कॅनोपीचा वक्र पारदर्शक पृष्ठभाग ऊन एकवटवतो, आणि ती उघडी राहिली तर आतल्या गादीवर किंवा पट्ट्यांवर सूर्यकिरणांचा केंद्रबिंदू पडून त्या जळू शकतात. टायर ठेवण्याच्या बाबतीत त्यांनी केवळ ‘ठेवा’ असे सांगितले, तेथे मात्र मला राहवले नाही आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पंखावरची उचल चौपट होते, म्हणून सकाळी पुरेसा वाटणारा टायर दुपारी पुरत नाही, हे मीच मुलांना सांगितले. असे कारण प्रत्येक नियमामागे यायला हवे होते. काही ठिकाणी ते आले, काही ठिकाणी नाही.

केबलचा पाठ पहिल्या दिवशी दुपारी झाला. विंचची केबल पोलादी असते किंवा कृत्रिम धाग्याची. पोलादी केबल तुटली की तिचे तार कुसळासारखे उलगडतात, म्हणून चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. केबलच्या टोकाला छोटी छत्री, तिच्यापुढे दोराचा तुकडा, मग ‘वीक लिंक’ आणि शेवटी कड्यांची जोडी असते. वीक लिंक म्हणजे मुद्दाम ठेवलेला अशक्त सांधा. ताण मर्यादेपलीकडे गेला की ग्लायडरऐवजी तो तुटावा. त्याचे रंग ठरलेले आहेत: काळा १,००० डेकान्यूटनला, तपकिरी ८५०ला, लाल ७५०ला, निळा ६००ला, पांढरा ५००ला तुटतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचे वजन, एवढे सांगितल्यावर मुलांना आकडे चटकन समजले. कोणत्या ग्लायडरला कोणता रंग, हे त्या ग्लायडरच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि कडी अडकवणाऱ्याने रंग मोठ्याने उच्चारायचा, वैमानिकाने तो मान्य करायचा, मगच हुक उघडण्या-मिटण्याचे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे हुकूम. या टप्प्याला प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून किमान सहा वेळा कृती करून घेतली.

आमच्या तुकडीत रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा एक मुलगा होता, ज्याच्या घरात रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे पकडण्याचे, काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. ताणलेल्या केबलपासून दूर कसे उभे राहायचे हे सांगताना प्रशिक्षक योग्य शब्द शोधत होते, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि त्यावरून पाय टाकायचा नाही, आमच्याकडं हे पोहायच्या आधी शिकवतात.’ त्या एका वाक्याने बाकीच्यांना जे समजले ते अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने समजले नसते. प्रशिक्षकांनी त्याला पुढे बोलावून दोरात घडी पडली तर ती कशी ओळखायची हे दाखवायला सांगितले, ही गोष्ट मला फार आवडली. विंच सुरू असो वा नसो, केबल जिवंतच समजायची, हा नियम त्यानंतर कोणाला पुन्हा सांगावा लागला नाही.

हुकाची तपासणी आमच्याकडून रोज सकाळी करून घेतली गेली. पोटाखालच्या हुकाला केबल मागच्या दिशेने ओढली गेली तर ते आपोआप सुटले पाहिजे. वैमानिकाने केबल सोडायचे विसरले किंवा त्याला सोडता आले नाही तर हीच त्याची शेवटची सोय असते. आमच्या हुकात दुसऱ्या सकाळी जांभ्याची तांबडी धूळ साचून ते अडखळत सुटले. प्रशिक्षकांनी ते स्वच्छ करून पुन्हा तीन वेळा तपासायला लावले. तेथे समुद्र जवळ असल्यामुळे पोलादी भागांना गंज आणि ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, म्हणून संध्याकाळी ग्लायडर गोड्या पाण्याने पुसण्याचे कामही आमचेच होते. कॅनोपी मात्र भरपूर पाणी आणि मऊ फडके घेऊनच पुसायची, कोरडी कधीही नाही, कारण तिच्यावर पडलेला ओरखडा उन्हात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर चमकतो.

आता माझी मुख्य तक्रार. पंखाचे टोक धरून धावण्याचा सराव एका पिकअप गाडीने ग्लायडर हळू ओढून करून घेतला गेला. गाडी चालण्याच्या वेगापेक्षा थोडी जास्त वेगाने जात होती, त्यामुळे मुले टोक धरून पंधरा-वीस पावले धावत राहिली आणि त्यातच त्यांना कौतुक वाटू लागले. प्रत्यक्षात विंच ग्लायडरला काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास नेते. टोक धरणाऱ्याला दोन-तीन पावलांहून अधिक वेळ मिळत नाही, आणि त्याने टोक जास्त वेळ धरून ठेवले तर तो नकळत तो पंख मागे ओढतो, ग्लायडर त्या बाजूला वळते आणि पंख जमिनीला लागण्याचा धोका निर्माण होतो. विंचच्या सुरुवातीला पंखाचे टोक जमिनीला लागणे हा ग्लायडिंगमधील सर्वांत भीषण अपघातांचा आरंभ असतो, म्हणूनच पंख समतल राहत नाही असे वाटले की वैमानिकाने तत्काळ केबल सोडायची असते. मग टोक धरण्याचा सराव खोट्या वेगाने करून घेणे म्हणजे मुलांच्या पायांत चुकीची सवय भरणे आहे. मी पहिल्या दिवशी संध्याकाळी हे प्रशिक्षकांना स्पष्टपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या सकाळी पिकअपचा वेग तोच राहिला, पण तिसऱ्या पावलाला हात सोडायचाच, गाडी कितीही हळू असली तरी, असा नियम केला गेला आणि न सोडणाऱ्याला मागे पाठवले गेले. ही सुधारणा पुढच्या तुकड्यांसाठी पहिल्यापासूनच असावी.

दुसरी तक्रार रेडिओविषयी आहे. खुणा आम्हाला नीट शिकवल्या गेल्या: हात खाली, पायांसमोर डावीउजवीकडे हलवला म्हणजे केबलची ढील ओढून घ्या, डोक्यावर डावीउजवीकडे हलवला म्हणजे पूर्ण ओढा, सरळ वर धरून स्थिर ठेवला म्हणजे थांबा. परंतु विंचवाला हजार मीटर दूर असतो, आणि खुणांसोबत रेडिओही वापरला जातो. वर्गात दोन हँडसेट होते, त्यांपैकी एकाची बॅटरी पहिल्या दिवशी दुपारी संपली आणि ती चार्ज करण्याची सोय सड्यावर नव्हती. त्यामुळे रेडिओवर थोडक्यात आणि स्पष्ट कसे बोलायचे, दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर काय होते, याचा सराव जवळजवळ झालाच नाही. १,८०० रुपये घेणाऱ्या वर्गाकडे एक जादा बॅटरी असायला हवी.

टिपणांच्या बाबतीतही निराशा झाली. दिलेली आठ पानांची पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत होती. हुकूमाचे शब्द इंग्रजीतच राहावेत हे मला मान्य आहे, कारण हडपसरला आणि कोठेही तेच शब्द कानावर पडणार. पण ‘मागची कड’ आणि ‘पुढची कड’ यांतील फरक, केबलचे धोके, कॅनोपीचे नियम हे मराठीत लिहून देण्यात काहीच अडचण नाही. शिकवताना प्रशिक्षक उत्तम मराठी बोलत होते, आणि ज्या मुलांना इंग्रजी वाचताना अडखळायला होते त्यांना घरी जाऊन उजळणी करायला काहीच हातात उरले नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार केली आहेत आणि ती आयोजकांनाही विनामूल्य देऊ केली आहेत.

सोयीसुविधांविषयी थोडक्यात: सावलीसाठी एकच ताडपत्री होती आणि ती दुपारच्या वाऱ्यात दोनदा उडाली. पिण्याचे पाणी पुरेसे होते. मुलींसाठी स्वच्छतागृह पट्टीपासून दहा मिनिटे चालत, जमीनमालकाच्या घरी होते. ते स्वच्छ होते, परंतु हे नावनोंदणीच्या वेळीच सांगायला हवे. जेवण साधे आणि चांगले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा सराव झाला, आणि त्यामुळे माझा एकूण निर्णय बदलला. पूर्ण उड्डाणाची दहा खोटी आवर्तने आम्ही आळीपाळीने केली, आणि त्यांपैकी काहींत प्रशिक्षकांनी आम्हाला न सांगता चुका पेरल्या. एकदा एअरब्रेक कुलूपबंद नव्हते, ते सापडले. एकदा वीक लिंकचा रंग चुकीचा होता, तोही सापडला. एकदा तर पट्टीवर खरोखरच एक गाय चरत आली, जी कोणीही पेरली नव्हती, आणि तिला सगळ्यांनी पाहिले. पण शेपटीखालची टेल डॉली, म्हणजे जमिनीवर हलवण्यासाठी लावलेली छोटी चाकगाडी, तीन आवर्तनांत तशीच राहिली आणि कोणीही त्याबद्दल बोलले नाही. ती काढायची राहून ग्लायडर उडाले तर शेपटीला जादा वजन येते, तोल मागे सरकतो आणि ग्लायडर सांभाळणे अत्यंत कठीण होते. चौथ्या आवर्तनात ‘स्टॉप’ अशी हाक आली ती टेबलावर नोंदवही लिहिणाऱ्या माझ्या अकरावीच्या विद्यार्थिनीकडून. ती ग्लायडरपासून वीस मीटर दूर बसली होती. पुढे तिने मला सांगितले की डॉली तिला आधीच्या आवर्तनातही दिसली होती, पण आपले काम वेळ लिहिण्याचे आहे, आपण कसे थांबवायचे, असे वाटून ती गप्प राहिली होती.

प्रशिक्षकांनी त्या क्षणी आवर्तन थांबवले, सर्वांना गोल बसवले आणि पाऊण तास फक्त याच विषयावर बोलले. थांबवण्याचा अधिकार सर्वांत नवख्या माणसालाही आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. चुकून थांबवले तर दोन मिनिटे जातील, आणि त्याबद्दल कोणीही रागावणार नाही. ‘स्टॉप’ कानावर पडले की खुणा देणाऱ्याने हात वर स्थिर करायचा, वैमानिकाने केबल सोडायची आणि कारण त्यानंतरच विचारायचे. आपल्याकडे मोठ्यांसमोर, त्यातही सरांसमोर, लहानांनी मध्ये बोलू नये हे मुलांना घरीदारी शिकवलेले असते, त्यामुळे हा भाग केवळ सांगून भागत नाही. प्रशिक्षकांना हे ठाऊक होते. त्यांनी उरलेल्या सहा आवर्तनांत प्रत्येकाला एकेकदा, कारण असो वा नसो, मोठ्याने ‘स्टॉप’ म्हणायला लावले. एका मुलाचा आवाज पहिल्यांदा निघालाच नाही. तिसऱ्या प्रयत्नात त्याची हाक पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पिकअपच्या चालकापर्यंत पोहोचली.

या एका सरावासाठी मी हा वर्ग सुचवते, आणि वर लिहिलेल्या उणिवा मनात ठेवूनच सुचवते. पंधरा वर्षांवरील, उन्हात उभे राहण्याची तयारी असलेल्या आणि पुढे खरोखर ग्लायडिंग केंद्रात जाण्याचा विचार करणाऱ्या मुलामुलींना पाठवावे. केवळ विमानाजवळ फोटो काढण्याची हौस असेल तर पाठवू नये, कारण चौदा जणांत एकच ग्लायडर असल्यामुळे वाट पाहण्यात बराच वेळ जातो आणि असे मूल इतरांचाही वेळ घेते. दहापेक्षा मोठी तुकडी असल्यास आयोजकांना दोन गट करायला सांगावे. हा वर्ग खऱ्या मैदानावरच्या अनुभवाची जागा घेत नाही. येथून गेलेल्या मुलाने क्लबमध्ये पहिल्या दिवशी जुन्या सदस्याच्या देखरेखीशिवाय केबलला हात लावू नये, आणि प्रमाणपत्र दाखवून तसा हट्ट तर मुळीच धरू नये.

सोबत पायाला घट्ट बसणारे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, दोन लिटर पाणी आणि चामड्याचे स्वतःचे हातमोजे न्यावेत, कारण तेथे दिलेले हातमोजे मुलींच्या हाताला सैल होते आणि सैल हातमोज्याने कडी धरता येत नाही. माझ्या चारही विद्यार्थ्यांच्या पालकांनी हडपसरसाठी होकार दिला आहे. डिसेंबरच्या तुकडीला माझे आणखी सहा विद्यार्थी जाणार आहेत, आणि त्यांच्यासोबत मी रेडिओची एक जादा बॅटरी पाठवणार आहे.